बंदरावरचे बारा तास

समुद्रमार्गाने चीनला जाणाऱ्या कुटुंबास त्या विशाल देशाचे दर्शन बंदरावरील मोजक्या तासांत घ्यावयाचे असते. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांचे बिऱ्हाड एकाच जहाजावर असते आणि सामानाची रोजची बांधाबांध टळते, ही या सहलीची मोठी सोय होय. परंतु जहाज सुटण्याची वेळ ठरलेली असते. तिचा विचार न करता आखलेला बेत हटकून फसतो.

पहिला प्रश्न अंतराचा. सहलीच्या पत्रकात बंदर म्हणून बीजिंगचे नाव छापलेले असले, तरी बीजिंगला समुद्र नाही. जहाज लागते ते तिआंजिनच्या धक्क्याला, आणि तेथून राजधानी सुमारे १७० किलोमीटर दूर आहे. समजा, जहाज सकाळी सातला लागले व सायंकाळी सातला सुटणार आहे. अशा वेळी हिशेब शेवटाकडून मांडावा. सुटण्यापूर्वी तासभर तरी जहाजावर परतले पाहिजे. सकाळी पारपत्रांची तपासणी होऊन मंडळी जमेपर्यंत एक-दीड तास जातो. मोटारीने जाण्यायेण्यास पाच-सहा तास लागतात. बारा तासांपैकी हाती उरतात ते जेमतेम चार.

एवढ्या अवधीत जुना राजप्रासाद आणि चीनची भिंत ही दोन्ही पाहू म्हणणे व्यर्थ होय. १४०६ ते १४२० या काळात उभारलेला हा प्रासाद दक्षिणोत्तर जवळजवळ एक किलोमीटर लांब आहे. प्रेक्षक दक्षिणद्वारातून आत शिरतात व बहुतेक उत्तरेकडून बाहेर पडतात. त्यामुळे थकलेल्या वृद्धास वाटेत बसवून परत येताना बरोबर घ्यावे, अशी सोय नसते. प्रवेशपत्रे पारपत्र दाखवून आगाऊ घ्यावी लागतात, आणि सार्वजनिक सुटीचा अपवाद सोडल्यास सोमवारी प्रासाद बंद असतो. भिंतीचा मुतिआन्यू येथील भाग राजधानीपासून आणखी सुमारे ७० किलोमीटरवर, डोंगरात आहे. तेथे रोपवेने वर जाता येते. तथापि वर पोचल्यावरही पायऱ्या चुकत नाहीत. म्हणून एका दिवसासाठी एकच स्थळ निवडावे, आणि ते घरातील सर्वांत मंद पावलाच्या माणसाकडे पाहून निवडावे.

शांघायला हा ताण बराच कमी होतो. उंच जहाजे ह्वांगपू नदीवरील यांगपू पुलाखालून जाऊ शकत नाहीत, म्हणून ती शहराच्या मध्यभागी न येता नदीमुखाजवळ वूसोंगखोऊ येथे थांबतात. तरीही शहर फार दूर पडत नाही. तेथील यू उद्यान कुटुंबाने अवश्य पाहावे. पान युनद्वान नावाच्या अधिकाऱ्याने वृद्ध पित्याच्या सुखासाठी १५५९ मध्ये त्याचा आरंभ केला, आणि ते १५७७ मध्ये पूर्णत्वास गेले.

वेळेचा हा हिशेब केवळ सोयीचा नव्हे. १५ मे २०२४ पासून चीनने आपल्या १३ बंदरांत जहाजाने येणाऱ्या विदेशी पर्यटकगटांस १५ दिवसांपर्यंत व्हिसाची माफी दिली. तिच्या अटी अशा : गट किमान दोघांचा असावा, त्याची व्यवस्था चिनी प्रवाससंस्थेने केलेली असावी, आणि गटाने त्याच जहाजाने पुढे निघावे. जहाज चुकले, की ही अटच मोडते. जहाजाकडूनच घेतलेल्या सहलीस उशीर झाल्यास जहाज सहसा थांबते. स्वतंत्रपणे हिंडणाऱ्यासाठी ते थांबत नाही. नियम बदलत असल्यामुळे निघण्यापूर्वी या सवलतीची नव्याने खात्री करून घ्यावी.

मराठी प्रवाशाच्या मनात आणखी एक स्थळ असण्याचा संभव आहे. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेलेले आणि १९४२ मध्ये तेथेच निधन पावलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची समाधी शिच्याच्वांग येथे आहे. ते गाव बीजिंगहून सुमारे ३०० किलोमीटर आत आहे. बंदरावरच्या बारा तासांत ती यात्रा बसवू नये. त्यासाठी रीतसर व्हिसा काढून खुष्कीच्या मार्गाने सवडीने जावे.