पावणेतीनशे टनांची उचल

कोल्हापूरहून गारगोटीच्या रस्त्याला लागलं की हंगामात बिद्रीचा कारखाना डोळ्यांआधी नाकाला कळतो. दूधगंगा आणि वेदगंगा या दोन नद्यांचं नाव लावणारा हा सहकारी कारखाना. वसाहतीचं नाव मौनीनगर, पाटगावच्या मौनी महाराजांवरून. रस्त्याकडेला उसाच्या ट्रॉल्यांची रांग, कर्णकर्कश गाणी, आणि जरा आत मोकळ्या रानात पाचट, बांबू आणि प्लॅस्टिकच्या खोपी. हंगाम सुरू झाला की अशा खोपी जिल्हाभर उभ्या राहू लागतात. ऊसतोडीच्या काही टोळ्या आसपासच्याच असतात. बऱ्याचशा बीडसारख्या जिल्ह्यांतून, तीनशे किलोमीटरांहून जास्त अंतर तोडून येतात.

या साऱ्याच्या मुळाशी एक कागद असतो. स्टँप पेपरवरचा करार, सोबत बऱ्याचदा सही केलेला कोरा चेक. गंमत अशी की या कागदावर तोडणाऱ्याचं आणि कारखान्याचं नातं कुठेच दिसत नाही. कारखाना करार करतो वाहतूकदाराशी, वाहतूकदार मुकादमाशी, आणि मुकादम कोयत्याशी. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. पावसाळ्यात, घरात दाणा नसतो तेव्हा, मुकादम दारात येऊन उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. ती फिटेपर्यंत तोडायचं. आजारपणात खाडा पडला तर तोही खात्यावर चढतो. हे कुणा एका कारखान्याचं गाऱ्हाणं नव्हे. राज्यातला अख्खा हंगाम याच साखळीवर चालतो.

हिशेब एकदा मांडून पाहू. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि २७३ रुपयांचा टन ३६६ रुपयांवर गेला. समजा, एका कोयत्याने एक लाख उचलले. ते फेडायला ३६६ च्या दराने पावणेतीनशे टन ऊस तोडावा लागतो. एक जोडी दिवसाला दोन टन तोडते असं धरलं, तर १३७ दिवस. एकही खाडा नाही, ताप नाही, पाऊस नाही, बाळंतपण नाही. आणि हंगाम ११० दिवसांत आटोपला तर? पट्टा पडतो त्या दिवशी खात्यावर वीस हजारांच्या आसपास बाकी राहते. त्यात दर आठवड्याची खर्ची अजून धरलेलीच नाही. ही बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत मिसळते. साखळदंड नको, पहारेकरी नको. बेरीज-वजाबाकी पुरते.

आता या कागदाला कायदा काय म्हणतो ते पाहा. संविधानाचं कलम २३ सक्तीची मजुरी मना करतं. वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. आणीबाणीतला, पण शब्दाने आजही धारदार. वेठबिगारीची व्याख्या करताना त्याने साखळदंडाची अट घातलेली नाही. आगाऊ रकमेपोटी माणसाला दुसरीकडे काम धरायची मोकळीक उरली नाही, तरी पुरे. कलम ६ म्हणतं, असं कर्ज फेडण्याची जबाबदारी संपली. कलम ९ म्हणतं, संपलेल्या कर्जापोटी पैसे घेणारा गुन्हेगार. कलम १५ तर फारच पुढे जातं: हे वेठबिगारीचं कर्ज नव्हे, हे सिद्ध करायचं ओझं सावकारावर. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भर घातली की किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच, कारण भूकही माणसाला सक्ती करते. बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली: सक्तीने काम करवून घेतलं एवढं दिसलं की ते आगाऊ रकमेपोटीच होतं असं धरून चालायचं.

मग अडतं कुठे?

अडतं पोलीस ठाण्याच्या दारात. तोच स्टँप पेपर तिथे नेला की त्याचं नाव होतं फसवणूक. उचल घेतली, आला नाही. किंवा आला आणि रातोरात टोळी घेऊन पळाला. पूर्वीचं चारशेवीस, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. शिक्षा सात वर्षांपर्यंत. त्याच संहितेत माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध राबवण्याचं कलम १४६ आहे. त्याची शिक्षा एक वर्षापर्यंत. वेठबिगार कायद्याची तीन वर्षांपर्यंत, आणि दंड दोन हजार रुपयांपर्यंत. हा आकडा १९७६ पासून हललेला नाही. ३६६ च्या दराने दोन हजार रुपये म्हणजे साडेपाच टन ऊस, एका कोयत्याची तीन दिवसांचीही तोड नव्हे. मानवी तस्करीचं कलम १४३ कडक आहे, सात वर्षांपासून पुढे. पण शोषणाच्या व्याख्येत गुलामी आहे, भीक मागायला लावणं आहे, सक्तीची मजुरी हे शब्द नाहीत. वकिलाने ती गुलामीसदृश प्रथेत बसवून दाखवावी, अशी अपेक्षा.

इथे वाहतूकदाराची बाजू सांगितली नाही तर कोल्हापूरकर मला उभं करणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. ट्रॅक्टर कर्जावर, मुकादमाला दिलेली उचलही बऱ्याचदा कर्जावरच. एकच मुकादम दोघा-तिघांकडून पैसे घेतो आणि हंगामात फोन बंद करतो. यात ट्रॅक्टर विकलेले आहेत, शेत गहाण पडलेलं आहे. त्यांची तक्रार खोटी नाही. शेतकऱ्याचंही निराळं दुखणं आहे: ऊस वाळतोय म्हणून टोळीला आणि ड्रायव्हरला वरून पैसे द्यायचे, त्याला ‘एंट्री’ असं झकास नावही पडलं आहे. सगळेच कुणाचे ना कुणाचे देणेकरी. फरक इतकाच की वाहतूकदाराची तक्रार कुठे द्यायची ते त्याला ठाऊक आहे, आणि तिथे ती घेतली जाते. तोडणाऱ्याच्या तक्रारीचं दार वेगळं आहे. ते जिल्हाधिकाऱ्यांचं आणि प्रांतांचं. १९७६ च्या कायद्याने जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या सांगितल्या आहेत. तुमच्या तालुक्यात ती समिती शेवटची कधी बसली, हे विचारून पाहा.

उचल बुडवणं हा गुन्हा ठरवण्याची खोड जुनी आहे. १८५९ साली कंपनीचं राज्य संपल्यावर वर्षभरात इंग्रजांनी कामगारांच्या करारभंगाचा कायदा केला. आगाऊ पैसे घेऊन काम सोडलं तर दंडाधिकाऱ्याने पैसे परत करायला किंवा काम पुरं करायला फर्मावायचं. नाही ऐकलं तर तीन महिने कैद. हा कायदा १९२५ मध्ये मोडीत काढला. अमेरिकेत अलाबामा राज्याचा कायदा असाच होता. तिथे अलोन्झो बेली नावाच्या काळ्या शेतमजुराने १५ डॉलर उचल घेऊन काम सोडलं आणि त्याला फसवणुकीची शिक्षा झाली. १९११ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द केला: कर्जापोटी काम करायला लावण्यासाठी तुरुंगाची भीती घालणं म्हणजे मागल्या दाराने गुलामी. आपल्याकडे तसा कायदा आता नाही. पोलीस ठाण्याची वहिवाट मात्र आहे.

आणि हे कोल्हापुरात, याचं मला जास्त वाटतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९२० साली आपल्या संस्थानात वेठ बंद करणारा हुकूम काढला. सक्तीच्या मजुरीविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार व्हायला अजून दहा वर्षं होती. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावला शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर एका व्यासपीठावर आले होते. पण माझ्या मते महाराजांचं मोठेपण वेठबंदीच्या हुकुमापेक्षा त्याआधीच्या, १९१८ च्या निर्णयात आहे. महार वतन त्यांनी रद्द केलं आणि जमिनी रयतावा, म्हणजे राबण्याच्या अटीविना, करून दिल्या. वतनाचा तुकडा ही त्या काळची उचल होती. तो दाखवून साऱ्या गावाने राबवून घ्यायचं. महाराजांनी वेठ नको म्हणण्याआधी वेठीचा दोर कापला. मुंबई राज्याने कनिष्ठ वतनं रद्द केली ती १९५८ च्या कायद्याने. आंबेडकरांनी त्यासाठी पहिलं विधेयक १९२८ मध्येच मांडलं होतं.

सरहद्दीचा विनोद तर बिद्रीलाच बसून पाहावा. मुदाळ तिट्ट्यावरून निपाणीची वाट धरली की तासाभरात कर्नाटक. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा ठेकेदाराला नोंदणी करायला लावायचा, मजुराला प्रवासखर्च द्यायचा, विस्थापन भत्ता म्हणून महिन्याच्या मजुरीच्या निम्मी रक्कम द्यायचा. संसदेने तो २०२० मध्ये नव्या संहितेत सामावला, तरी ‘आंतरराज्य’ हा शब्द राहिला. म्हणजे बीडचा कोयता निपाणीच्या हालसिद्धनाथ कारखान्याला गेला तर स्थलांतरित. बिद्रीला थांबला तर तो आपल्याच राज्यात, त्याला कसलं स्थलांतर! खोप तीच, उचल तीच.

राज्याने काहीच केलं नाही असं नव्हे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आलं. गाळपाच्या टनामागे दहा रुपये कारखान्यांनी द्यायचे, तेवढेच सरकारने. मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहं मंजूर झाली. कोल्हापुरात ‘अवनि’सारख्या संस्थेने स्थलांतरितांच्या मुलांच्या शाळा चालवल्या. सगळं चांगलं, सगळं हवंच. पण हे कल्याण झालं. उचलीच्या कागदाला यातल्या कशानेही हात लागत नाही.

त्या कागदावर जिची सही नसते तिच्याबद्दल. उचल घेतो नवरा किंवा सासरा. हिशेब त्याच्या नावे. कोयता मात्र जोडीचा. बाई पहाटे भाकऱ्या थापून फडात उतरते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते, आणि रात्री पुन्हा चुलीपाशी. अर्ध्या कोयत्याला भाव कमी म्हणून मुलींची लग्नं लवकर उरकतात. २०१९ साली बीडमधल्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा बोभाटा झाल्यावर नीलम गोऱ्हे यांच्या समितीने पाहणी केली. ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीचे दिवस आणि खाडा यांचा हिशेब त्यातल्या किती जणींनी घातला असेल, ते आकडा सांगत नाही. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वृत्तपत्रातल्या लेखावरून ऊसतोड मजुरांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली.

उचल घेणारा प्रत्येक जण वेठबिगार आहे असं मी म्हणणार नाही. कित्येक जण घासाघीस करून उचल वाढवून घेतात, वेळेत फेडतात, दोन पैसे गाठीला बांधून गावी जातात. पण वडील आजारी असून ज्याला जाता येत नाही, बाकीपोटी ज्याचं पोर किंवा बैल मुकादमाने ठेवून घेतलं आहे, पुढच्या वर्षी दुसरीकडे जाईन म्हटल्यावर ज्याला मारहाण होते, त्याच्यापुढे १९७६ च्या कायद्याला शंका घ्यायला जागा नाही. त्याची सुटका झाली तर केंद्रीय योजनेत पुरुषाला एक लाख, बाईला आणि मुलाला दोन लाख पुनर्वसनासाठी आहेत. बरोबर एका उचलीइतके, किंवा दुप्पट.

या हंगामात असा कुणी तुमच्या रानात भेटला, तर प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे चार ओळी लिहून द्या. साध्या कागदावर लिहा. त्याला स्टँप लागत नाही.