उंच उशीची कुळकथा

चिनी शिकणाऱ्याची 'गाओझन वूयोउ' या वाक्प्रचाराशी फार लवकर गाठ पडते. उशी उंच घ्या, बिनघोर झोपा. सोबत गोष्टही सांगितली जाते: छी राज्याचा सरदार मंगछांग, त्याचा हुशार आश्रित फंग श्वान, जाळलेले कर्जरोखे आणि सशाची तीन बिळे. वर्गात ती कडक इस्त्री करून येते. सुरकुत्या पाहायच्या, तर जुने ग्रंथ उघडावे लागतात.

पहिली सुरकुती फंग श्वानचीच. मंगछांगच्या पदरी हजारो आश्रित. 'काय येतं?' या प्रश्नावर या नव्या उमेदवाराचे उत्तर, 'काही नाही.' तरी त्याला ठेवून घेतले. मग स्वारी खांबाला टेकून, तलवार वाजवत गाऊ लागली. तक्रार काय, तर जेवणात मासा नाही. मासा सुरू झाला, तर गाडी नाही. गाडी मिळाली, तर घर चालवायला काही नाही. बाकीचे आश्रित आधी हसले, मग वैतागले. (अशी माणसे प्रत्येक कचेरीत असतात, पण इतिहासात जागा एखाद्यालाच मिळते.) शेवटी त्याच्या आईच्या जेवणाखाण्याची सोय झाली आणि गाणे थांबले. निश्चिंतीचा हा आद्य सल्लागार अस्सल कुरकुऱ्या होता!

पुढे मालकाने त्याला श्युए या जहागिरीत वसुलीला धाडले. घरात जे कमी असेल ते येताना आण, अशी मुभाही दिली. पठ्ठ्याने रोखे पेटवले आणि रिकाम्या हाताने परतून सांगितले, 'तुमच्यासाठी लोकांची माया विकत आणली.' मालकाचा चेहरा पडला. पण वर्षभराने राजाने त्याला पदावरून काढले, तेव्हा श्युएची माणसे पोरेबाळे घेऊन स्वागताला वाटेत उभी होती. इथे वर्गात सगळे भारावतात. इतिहासकार सिमा छियन मात्र वेगळा हिशेब मांडतो. त्याच्या मते फंगने आधी एक लाख नाणी व्याज वसूल केले, त्यातून दारू-मांसाची मेजवानी दिली, रोखे एकेक करून पडताळले आणि ज्यांना फेडणे जमणार होते त्यांना मुदत बांधून दिली. आगीत गेली ती फक्त बुडीत खाती.

श्युएची ही माया म्हणजे सशाचे पहिले बीळ, संकटात लपायला. दुसरे बीळ तर आजच्या नोकरीच्या बाजारातही शोभेल. फंग शेजारच्या वेई राज्यात गेला आणि 'छीने सोडलेला माणूस उचला' म्हणून राजाला गळ घातली. हजार माप सोने आणि शंभर गाड्या घेऊन दूत निघाले. त्यांच्या आधी घरी पोचून फंगने मालकाला बजावले, होकार द्यायचा नाही. दूत तीनदा आले, तीनदा परतले. छीचा राजा हबकला आणि माफी मागून पद परत देता झाला. सिमा छियनच्या ग्रंथात बोली लावणारे राज्य वेई नसून छिन आहे. बोली लावायला लावणारा मात्र दोन्हीकडे तोच.

तिसरे बीळ म्हणजे श्युएमध्ये राजघराण्याच्या पूर्वजांचे मंदिर. ते उभे राहिल्यावर फंग म्हणाला, आता खुशाल झोपा.

पण या उंच उशीचा आणखी एक विक्रेता होता, झांग यी. छिनचे मांडलिक व्हा, मग उंच उशीवर निजा, राज्याला कसली चिंता उरणार नाही, असे त्याने वेईच्या राजाला पटवले होते. हा गृहस्थ वेईचाच प्रधान होता, आणि त्या खुर्चीत बसूनही छिनचेच काम करत होता. इ.स.पू. 225 मध्ये छिनने वेईच्या राजधानीत पाणी सोडले, तट कोसळले आणि राज्य संपले.

मंगछांगचे काय झाले? वर्गातली गोष्ट ज्यातून येते तो 'युद्धमान राज्यां'च्या काळातल्या किश्श्यांचा ग्रंथ सांगतो, कित्येक दशके प्रधानपदी राहूनही त्याला खरचटलेसुद्धा नाही. सिमा छियनकडे तोच मंगछांग पुढे राजाच्या धाकाने वेईला पळतो, तिथे प्रधान होतो आणि इतर राज्यांना घेऊन छीवरच चालून जातो. ही स्वारी इ.स.पू. 284 ची. तो वारल्यावर मुले गादीवरून भांडली, आणि छी व वेई या दोघांनी मिळून श्युए बुडवले. मंदिर, माया, बिळे, काहीच आड आले नाही. मागे वारससुद्धा उरला नाही.