तिजोरी आणि मैदान

धेंपो व साळगावकर यांचे पाठीराखे एकत्र आले की आजही एकमेकांच्या तिजोऱ्या मोजू लागतात. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या तिथूनच घसरण लागली, असे एकाचे म्हणणे; दुसरा 2016 कडे बोट दाखवितो. त्या वर्षी हे दोन्ही क्लब, आणि त्यांच्यासमवेत स्पोर्टिंगही, महासंघाच्या नव्या आराखड्याचा निषेध करून आय-लीगमधून बाहेर पडले. आमचा कौल दुसऱ्याच्या बाजूने आहे. पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविणाऱ्या धेंपोस दुय्यम पंगतीत बसविणाऱ्यांनी कोणता जमाखर्च तपासला होता? 2024 मध्ये धेंपो आय-लीगमध्ये परतला खरा. पण मधल्या काळात वयात आलेल्या गोमंतकीय खेळाडूंची ती वर्षे कोणी भरून द्यावयाची?