सख्ख्या बहिणी, एकच ऑस्कर आणि आयुष्यभराचा अबोला

ऑलिव्हिया डी हॅविलँड आणि जोन फॉन्टेन या हॉलीवूडच्या सख्ख्या बहिणी. दोघींचा जन्म टोकियोतला, वयात जेमतेम सव्वा वर्षाचं अंतर, पण लहानपणापासून पटलं नाही. १९४२ मध्ये दोघींनाही सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन मिळालं आणि ऑस्कर नेलं धाकट्या जोननी. १९४७ मध्ये ऑलिव्हियांना ऑस्कर मिळालं. अभिनंदनाला आलेल्या बहिणीकडे त्यांनी पाठ फिरवली. १९७५ मध्ये आईच्या निधनानंतर स्मृतिसभेवरून पुन्हा बिनसलं आणि बोलणंच तुटलं. जोन २०१३ मध्ये ९६ व्या वर्षी गेल्या, ऑलिव्हिया २०२० मध्ये पॅरिसला, १०४ व्या वर्षी. प्रमुख अभिनेत्रीचं ऑस्कर मिळवणाऱ्या सख्ख्या बहिणी आजवर याच दोघी. एवढं दीर्घ आयुष्य लाभूनही दोघींचं जाहीरपणे कधी जुळलं नाही.