निंदणाच्या ओळीतला ताप
(पावसाळी ताप : लेखांक ६)

साखरखेर्ड्याच्या शिवारात सोयाबीन वर आले की निंदणाच्या बायांची ओळ तासातासाने पुढे सरकते. उकिडवे बसायचे, एका हाताने तण धरायचे, दुसऱ्या हातातल्या खुरप्याने मूळ सोडवायचे. दुपारची भाकर धुऱ्यावरच्या गवतात. स्क्रब टायफस समजून घ्यायचा तर या बसण्यापासूनच सुरुवात करावी लागते. ओरिएन्शिया सुत्सुगामुशी हा त्याचा जंतू माणसात येतो तो चिगर माइटच्या अळीमार्फत. सहा पायांची, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी ही अळी एरवी उंदरांवर जगते. प्रौढ माइट मातीत राहतो, तो चावत नाही. अळीला पंख नाहीत, ती जमिनीलगतच्या गवतावर नुसती थांबून असते. डास आपल्याकडे येतो; इथे आपणच तिच्याजवळ जाऊन बसतो.

म्हणून या आजाराचा वय-लिंगाचा तक्ता मला कामाच्या वाटणीचा तक्ता वाटतो. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हा रोग तरुण पुरुषांचा होता, कारण झुडपांत दबा धरून बसत होते ते सैनिक. आपल्याकडे निंदण, गवत कापणे, सोंगणी ही वाकून-बसून करायची कामे बहुतांशी बायकांच्या वाट्याला येतात, आणि भारतातल्या अनेक रुग्णालयांच्या नोंदींत बायका पुरुषांच्या बरोबरीने, काही ठिकाणी अधिकही दिसतात. पावसाळ्यात गवत माजते, उंदीर वाढतात. रुग्णांची गर्दी ऑगस्टपासून दिवाळीच्या आसपासपर्यंत असते ती त्यामुळे. यावर आक्षेप येईल तो शहरांचा. ऑगस्ट-सप्टेंबर २०१८ मध्ये नागपूर आणि परिसरात रुग्ण वाढले, मृत्यूही झाले; तिथे कुठले निंदण? पण अळीला सातबारा लागत नाही. मोकळा प्लॉट, त्यात माजलेले गवत आणि उंदीर एवढे तिला पुरते. अशा जागी खेळणारे पोरही सापडते आणि परसात बसून भांडी घासणारी बाईही. शहर आले म्हणून जमिनीशी टेकणे थांबत नाही.

या आजाराची खूण म्हणजे चाव्याच्या जागी धरलेली काळी खपली, विडीचा चटका बसावा तशी, भोवती लालसर कडा. ती दुखत नाही, सहसा खाजतही नाही, त्यामुळे जिच्या अंगावर असते तिलाही ठाऊक नसते. भारतीय अभ्यासांत ही खूण कुठे दहांत एकाला, कुठे निम्म्याहून अधिकांना आढळली. एवढी तफावत निव्वळ जंतूच्या वाणामुळे पडते, असे म्हणणारे आहेत. वाणाचा वाटा असेलही. पण अळी कपडा आवळतो तिथे किंवा कातडीच्या घडीत थांबते : काख, जांघ, स्तनांखाली, परकराच्या नाडीखाली. गर्दीच्या ओपीडीत बाईची या जागी तपासणी किती वेळा होते? सावळ्या कातडीवर, नाडीच्या वळाखाली, ती खपली शोधणाऱ्यालाच दिसते.

डॉक्टरांना वेळ नसतो, बाई संकोचते, हे खरेच आहे. मग परिचारिकेने पडद्याआड पाहावे. आणि खपली दिसली नाही म्हणून आजार नाही, असे धरू नये. आयसीएमआरच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाच दिवस किंवा त्याहून जुन्या, कारण न सापडलेल्या तापात या आजाराचा संशय घ्यायचा आणि प्रयोगशाळेच्या अहवालासाठी उपचार अडवायचा नाही. डॉक्सिसायक्लिन स्वस्त आहे, बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. पेनिसिलिन किंवा सेफालोस्पोरिनच्या महागड्या सुया मात्र इथे वाया जातात, कारण जंतू पेशीच्या आत दडलेला असतो. त्या सुयांत आठवडा गेला की फुप्फुसे, मूत्रपिंड, मेंदू यांवर परिणाम होऊ लागतो. अशा गंभीर रुग्णांत डॉक्सिसायक्लिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन एकत्र दिल्यास अधिक गुण येतो, हे भारतातल्याच रुग्णालयांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवले.

चावा आणि ताप यांत साधारण दहा-बारा दिवस जातात. तोवर बाई दुसऱ्याच्या शेतात रोजाने गेलेली असते. ‘काही चावलं का?’ या प्रश्नाला ती ‘नाही’ म्हणते, आणि तिच्यापुरते ते खरेच असते. ‘पंधरवड्यात निंदायला कुठं गेली होतीस, बाई?’ असे विचारले तर धुरा आठवतो.