गाडीच्या ए.सी.चा गॅस : अंदाजाने नव्हे, वजनाने भरा

मार्च महिना उजाडला की सांगलीच्या शंभर फुटी रस्त्यावरचे गॅरेज असो की साताऱ्यातले, एकच तक्रार ऐकू येते : "ए.सी. गार करत नाही, जरा गॅस टाकून द्या." आता गॅसचे छोटे डबे बाजारात सहज मिळत असल्याने अनेक जण घरच्या घरीच गॅस भरू पाहतात. हे काम घरी करता येते का, आणि गॅरेजवाल्या बांधवांनी ते कसे करावे, याचा येथे विचार करू.

पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी. ए.सी.चा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कॉम्प्रेसर तो दाबतो, पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये तो थंड होऊन पातळ होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून सुटून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळतो आणि आतली उष्णता शोषून पुन्हा कॉम्प्रेसरकडे जातो. तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो. रबरी नळ्यांतून वर्षाकाठी थोडा झिरपतो, पण दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे हे नक्की. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय.

आधी काय पाहावे?

गारवा कमी झाला म्हणजे गॅसच कमी झाला असे नाही. आपल्याकडे ऊस वाहतुकीच्या हंगामात रस्त्यावर धूळ व पाचट फार. कंडेन्सरची जाळी त्याने बुजते. केबिनचा फिल्टर तुंबतो. रेडिएटरचा पंखा फिरतो का, कॉम्प्रेसरचा क्लच ओढतो का, पट्टा ढिला आहे का, हे पाहावे. पुष्कळदा जाळी हलक्या पाण्याने धुतली की काम होते. पाइपच्या जोडावर तेलकट डाग दिसला, तर तिथे साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहावे.

घरी भरताना

बॉनेटखालच्या पट्टीवर गॅसचा प्रकार व वजन छापलेले असते. बहुतेक गाड्यांत आर-१३४ए असतो आणि छोट्या गाडीत तो साधारण अर्धा किलो किंवा त्याहून कमी लागतो. डबा फक्त लो साइडला, म्हणजे जाड पाइपवरील 'एल' टोपणाच्या तोंडाला जोडावा. चालू इंजिनात हाय साइडला जोडल्यास डबा फुटू शकतो. डबा उभा धरावा, उलटा केल्यास पातळ गॅस कॉम्प्रेसरमध्ये जाऊन तो फुटतो. डोळ्यांवर चष्मा व हातात मोजे हवेतच, कारण हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो आणि कातडीवर पडल्यास जखम करतो. जवळ विडी, वेल्डिंग किंवा शेगडी नको, ज्वालेत त्याचा विषारी धूर होतो. हायब्रीड व विजेवरील गाडीला घरी हात लावू नये. तिचे कॉम्प्रेसर तेल वेगळे असते.

मीटर का फसवतो?

खरी अडचण पुढेच आहे. बंद गाडीत दाब गॅसच्या वजनावर नव्हे, तापमानावर ठरतो. ३५ अंशांना आर-१३४ए सुमारे ११५ पौंड दाब दाखवतो; आत ३०० ग्रॅम असो वा ५०० ग्रॅम, काटा तिथेच. चालू गाडीतही बाहेरचे ऊन आणि इंजिनचा वेग यांनुसार काटा हलतो. गॅस कमी पडला तर त्याच्याबरोबर फिरणारे तेल परत येत नाही आणि कॉम्प्रेसर जाम होतो. जास्त झाला तर दाब वाढून गारवा उलट कमी होतो. म्हणजे शंभर-दीडशे ग्रॅमची चूक ग्राहकाला कॉम्प्रेसरच्या किमतीला पडू शकते.

म्हणून योग्य पद्धत एकच : उरलेला गॅस मशीनने काढून घ्यावा, गळती दुरुस्त करावी, अर्धा तास व्हॅक्यूम काढावा, पंप बंद करून काटा टिकतो का पाहावे, आणि मग डिजिटल काट्यावर तोलून पट्टीवरील वजनाइतकाच गॅस भरावा. घरी डबा जोडणे ही प्रवासापुरती सोय आहे, दुरुस्ती नव्हे.

गॅस हवेत सोडू नका

जुन्या गाड्यांत आर-१२ असे. ओझोनच्या थराला तो घातक म्हणून १९८७ च्या माँट्रिअल करारानुसार जगाने तो हटवला. भारतात २०१० पासून तो बंद आहे. आर-१३४ए ओझोनला मारक नाही, पण त्याचा एक किलो हवा तापवण्यात सुमारे १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा आहे. २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार २०२८ पासून अशा वायूंवर मर्यादा येईल व २०३२ पासून कपात सुरू होईल. काढलेला गॅस साठवणारे मशीन त्यामुळे उद्याची गरज ठरणार आहे. स्वस्त पडतो म्हणून स्वयंपाकाचा गॅस मिसळणे तर जिवाशी खेळ आहे.

मिरजेचा तंबोरा घडवणारा कारागीर कानाने सूर लावतो. तिथे कानच काटा आहे. ए.सी.त मात्र काटाच काटा. माप-तोलात घट करणाऱ्यांविषयी कुरआनात 'अल्-मुतफ्फिफीन' ही स्वतंत्र सूरह आहे. पूर्ण गॅसचे पैसे घेऊन अंदाजे भरणे हेही मापात मारणेच आहे. ग्राहकासमोर काटा ठेवा, गळती त्याला दाखवा, बिलावर ग्रॅम लिहा. पुढच्या उन्हाळ्यात तो गॅस भरायला येणार नाही हे खरे, पण गाडीच्या प्रत्येक कामाला तुमच्याकडेच येईल.