छत्तीसचा आकडा आणि रामजींचे घर

भटजीकडे पत्रिका न्यायची आणि छत्तीसपैकी किती गुण जुळले ते मोजायचे, हा प्रकार आम्ही १९५६ साली नागपूरला सोडून आलो. गंमत अशी की, घरात दोघांचे पटत नसले की त्यालाही मराठी माणूस छत्तीसचा आकडाच म्हणतो. तीन आणि सहा, दोघे एकमेकांकडे पाठ करून बसलेले! पत्रिका गेली, पण "आमचे स्वभाव जुळत नाहीत" ही तक्रार काही गेली नाही. चळवळीच्या घरांत तर ती फार. एकाचा पाय घरात ठरत नाही, दुसऱ्याचा उंबऱ्याबाहेर पडत नाही. एकाचा हात सैल, दुसरा पै पै जपणारा. मग बाहेर फिरणारा कार्यकर्ता चारचौघांत म्हणतो, "आमच्या घरच्यांना चळवळीचे काही पडलेले नाही." हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे आणि, खोटे कशाला बोला, स्वतःही बोललो आहोत.

म्हणून सुभेदार रामजींच्या घराकडे एकदा नीट पाहावे असे वाटले. रामजी कडक शिस्तीचे, लष्करी शाळेत मास्तरकी केलेले, कबीरपंथी. मुलांच्या अभ्यासात हयगय खपवून घेणारे नव्हते. त्यांची बहीण मीराबाई याच्या अगदी उलट. आई वारल्यावर पोरक्या भीमाला पोटाशी धरून वाढवणारी ही आत्या पाठीने अपंग होती, पण रामजीही तिचा शब्द मोडत नसत. आणि भीम? हट्टी. साताऱ्यात असताना मुंबईला पळून जाऊन गिरणीत काम करायचे या पोराने ठरवले. भाड्याला पैसे हवेत म्हणून रात्री शेजारी झोपलेल्या आत्याच्या कमरेची पिशवी काढायचा बेत केला. तीन रात्री जमले नाही. चौथ्या रात्री पिशवी हाती आली, तर आत अर्धा आणा! त्या अर्ध्या आण्याने पोराचा बेत बदलला आणि तो अभ्यासाला लागला.

पुढे परळच्या चाळीतल्या एका खोलीत रामजी मुलाला लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, त्याला उठवत आणि मग त्याच्या जागेवर आडवे होत. पुस्तकाला पैसे नसले की लग्न झालेल्या लेकींकडे जात. रोख नसेल तर दागिना घेत, गहाण टाकत आणि पेन्शन आले की सोडवून परत देत. या लेकी मंजुळा आणि तुळसा. त्यांची नावे किती जणांना आठवतात? आणि आनंदराव! घरात दोघांना शिकवण्याची ऐपत नव्हती, म्हणून थोरल्या भावाने शाळा सोडून नोकरी धरली. आम्ही सहज म्हणून टाकतो की भीमराव बुद्धिमान आणि आनंदराव कष्टाळू. पण आनंदरावांना शिकायचे नव्हते हे कोणी ठरवले? ज्याला आपण स्वभाव म्हणतो ती कधी कधी निव्वळ वाट्याला आलेली बाजू असते. आमच्या वस्त्यांत गिरणीत, रेल्वेत, म्युनिसिपालिटीत लागून धाकट्याला कॉलेजात घालणारे असे आनंदराव घरोघरी झाले. चौदा एप्रिलला स्टेजवर खुर्ची धाकट्या साहेबांना मिळते. थोरले मंडपात मागे उभे असतात.

माता रमाईंबद्दलही हेच. बाबासाहेब ग्रंथांत बुडालेले, जेवणखाणाची शुद्ध नसलेले. रमाई श्रद्धाळू, उपासतापास करणाऱ्या, पंढरपूरला जायची इच्छा धरणाऱ्या. या बाबतीत दोघांचे पटले नाही आणि ते लपवण्याचे काही कारण नाही. पण १९१३ पासून पती परदेशी असताना पोयबावडीच्या चाळीतला संसार त्यांनी चालवला, शेणाच्या पाट्या वाहिल्या. चार लेकरे गेली, शेवटचा राजरत्न १९२६ साली. त्यांच्या काटकसरीला मऊ स्वभाव म्हणून गौरवणारी भाषणे आम्हाला आता ऐकवत नाहीत. तो उपाशी राहून शिकलेला हिशेब होता. बाबासाहेबांना तो ठाऊक होता. १९२८ साली 'बहिष्कृत भारता'त त्यांनी तो जाहीरपणे लिहिला आणि १९४० साली 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ रमूच्या स्मृतीला अर्पण केला. रमाई जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती.

आणि ज्यांना आपण मुकी समजतो ती तशी असतात काय? बेबीताई कांबळे दुकानात बसून लिहीत आणि ते कागद वर्षानुवर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवत. त्यातून 'जिणं आमुचं' झाले. १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिले ते चळवळीतल्या बायांच्या दारी जाऊन, त्यांना विचारून. तोपर्यंत विचारले किती जणांनी?

आम्हीही विचारले नव्हते. विहाराच्या बांधकामासाठी एकदा भर सभेत पाच हजार जाहीर करून मोकळे झालो. टाळ्या पडल्या. खिशात दोनशे होते. सहचारिणीने घरी आल्यावर एक शब्द काढला नाही, भिशीचे पैसे आणून पुढ्यात ठेवले. आम्ही तेव्हा मित्रांना सांगितले की, आमची मंडळी फार शांत. फार वर्षांनी कशावरून तरी तो विषय निघाला. ती म्हणाली, "शांत कसली? ते पैसे पोरीच्या क्लासचे होते. तुम्ही टाळ्या घेऊन आलात, आता बोलून काय करायचं होतं? आणि त्या सभेला मलाही यायचं होतं. पण घरी पोरांना कोण बघणार, हे तुम्ही विचारलंत का कधी?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. पोरगी त्या वर्षी गणितात मागे पडली होती, तेही तेव्हाच कळले.

यंदा सत्तावीस मेला रमाई स्मृतिदिनाच्या कार्यक्रमाला ती गेली, बोललीही म्हणे. आम्ही घरी होतो. भात लावला होता, तो खाली लागला. रात्री तिने तो मुकाट्याने खाल्ला आणि मग सभेत कोण काय बोलले ते अकरा वाजेपर्यंत सांगत बसली.